दिशाच्या तलवारीचं निर्लेखन

तलवार मी विकली, हे मला मान्य आहे. मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत विकली. पण ती कोणत्या परिस्थितीत विकली हे आमच्या घरात कोणी नीट ऐकूनच घेत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आमची दिशा डॉक्टर आहे. पुढच्या शिक्षणासाठी तिला नागपूरला जागा मिळाली, तेव्हा टीव्हीखालचं काळं खोकं ती बारामतीतच ठेवून गेली. या खोक्यावर ती एक खेळ खेळायची. त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, आम्ही घरात त्याला नुसतं 'मुलूख' म्हणायचो, कारण त्यात एक अख्खा मुलूख होता. डोंगर, नद्या, जंगलं, किल्ले, आग ओकणारे उडते प्राणी, आणि गावागावातून हिंडणारी माणसं. कुठंही जा, कुणाशीही बोला, कुणी अडवत नाही. जाताना दिशा म्हणाली, "बाबा, आता रिटायर झालायत, खेळा की. फक्त माझ्या फाइलला हात लावू नका. तुमची नवीन उघडा."

आता हे वाक्य तिनं कुणाला सांगितलं ते पाहा. मी एकतीस वर्षं इंदापूरला सरकारी कचेरीत काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. या एकतीस वर्षांत मी जी जी फाइल उघडली ती दुसऱ्याचीच होती. स्वतःची फाइल उघडण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

तरी मी आधी नवीन फाइल उघडली. माझा माणूस गावाच्या वेशीबाहेर पडला आणि लांडग्यानं खाल्ला. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी तो लांडग्यापर्यंत पोचलाच नाही, विहिरीत पडला. तेव्हा मी दिशाची फाइल उघडली, आणि तीही फक्त अवलोकनासाठी.

दिशाच्या फाइलमध्ये एक उंचीपुरी बाई होती. अंगात चिलखत, पाठीवर ढाल, बुडाखाली पांढरा घोडा. नाव वाचलं तर 'चतुरा'. चतुराबाई हे माझ्या आईचं नाव. मी आईला हाक मारली. आईचं वय ब्याऐंशी आहे, पण नजर शाबूत आहे. तिनं बराच वेळ टीव्हीकडे पाहिलं.

"ही म्या हाय?"

"तुझं नाव दिलंय नातीनं."

"घोड्यावर बशिवलं पोरीनं मला," आई म्हणाली. "तुज्या बापानं कधी सायकलवर बशिवलं न्हाय."

त्या दिवसापासून आई माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागली. अनिता, म्हणजे माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिची अजून तीन वर्षं नोकरी आहे. ती सकाळी स्वयंपाक उरकून जायची, संध्याकाळी येऊन पुन्हा स्वयंपाकाला लागायची, आणि येता-जाता आमच्याकडे ज्या नजरेनं बघायची ती नजर मी साहेब लोकांचीसुद्धा सहन केलेली नाही.

मूळ मुद्दा असा, की चतुरा फार हळू चालत होती. कमरेत वाकून, एकेक पाऊल टाकत. मी तिची झोळी उघडून पाहिली तर आत तीनशे बारा वस्तू. लांडग्यांची कातडी, फुटके दिवे, वाळलेली अळंबी, सतरा तांब्ये. माझ्यातला कारकून जागा झाला. कचेरीत आम्ही दरवर्षी मोडक्या खुर्च्या, गंजलेली कपाटं यांची यादी करून त्यांचं निर्लेखन करायचो, म्हणजे कागदोपत्री बाद करून विल्हेवाट लावायचो. मी दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले, आणि दोन दिवस बसून तीनशे बारा वस्तूंची नोंद केली. शेरा या रकान्यात 'उपयुक्त' किंवा 'निरुपयोगी' लिहिलं. अनुक्रमांक दोनशे चौसष्टवर एक जुनी काळी तलवार होती, कडा झिजलेली, चमक नाही. मी शेरा लिहिला, 'निरुपयोगी'.

बाजाराच्या दाराशी दोन गाढवांची गाडी घेऊन एक फिरता व्यापारी उभा होता. त्याला मी सगळं निरुपयोगी सामान देऊन टाकलं. चतुरा ताठ उभी राहिली आणि टणाटण चालू लागली. आईला इतका आनंद झाला की तिनं स्वतःची कंबर चोळली.

मग मी काम जतन केलं. संगणकाच्या प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं, काम झालं की जतन करा. तिथं एकाच फाइलच्या एकवीस प्रती दिसल्या, दिशाच्या वीस आणि आत्ताची माझी एक. एका फाइलच्या एकवीस प्रती कशाला लागतात? मी माझी शेवटची प्रत ठेवून वीस नष्ट केल्या. तो मंगळवार माझ्या निवृत्तीनंतरचा सर्वांत समाधानाचा दिवस होता, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी संपला.

दुपारी दिशाचा फोन आला. आवाज दमलेला होता. "बाबा, रविवारी सकाळी येतेय. चार दिवस सुट्टी मिळालीय. मला कुठं नेऊ नका, कुणाला बोलावू नका. मी झोपणार, आणि माझी काळी तलवार घेऊन डोंगरात हिंडणार."

मी म्हणालो, "हो, ये." एवढंच म्हणालो. वहीतला अनुक्रमांक दोनशे चौसष्ट मला न उघडताही दिसत होता.

संध्याकाळी अनिताला सांगितलं. ती कणीक मळत होती, ती थांबली.

"ती तलवार विकली तुम्ही?"

"जुनी होती."

"पहिल्या वर्षी प्रवेश परीक्षेत ती राहिली, ते आठवतंय का? आठ महिने घराबाहेर पडली नाही पोरगी. दिवसभर अभ्यास करायची आणि संध्याकाळी एक तास हा खेळ. त्या एका तलवारीसाठी आठ महिने झटत होती. जिंकली त्या दिवशी पेढे आणले होते तिनं. तुम्ही दोन खाल्लेत."

मला पेढे आठवले. मी ते परीक्षेच्या निकालाचे समजून खाल्ले होते आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत मुलगी पास झाली म्हणून सांगितलं होतं. ती खरोखर पास झाली ती त्यानंतर चार महिन्यांनी. तेव्हा कचेरीतल्या लोकांनी विचारलं, "परत?"

तर रविवारच्या आत तलवार परत आणणं भाग होतं. काम छोटं होतं. व्यापारी शोधायचा, तलवार मागून घ्यायची. पण गुरुवारी सकाळी बाजाराच्या दाराशी गेलो तर गाडी नाही, गाढवं नाहीत, व्यापारी नाही.

शेजारच्या सरदारभाईंना बोलावलं. सरदारभाईंची हयात जनावरांच्या बाजारात गेली. बैल दाखवा, ते त्याचं वय, स्वभाव आणि मालकाची अडचण तिन्ही सांगतात. त्यांनी खुर्ची ओढली, चहा घेतला आणि म्हणाले, "मिसाळसाहेब, फिरत्या यापाऱ्याच्या मागं पळायचं नसतं. त्येच्या पुढच्या बाजारात जाऊन आधी बसायचं. त्येचा फुडचा बाजार कंचा, त्येवढं इचारा."

सल्ला उत्तम होता. मी गावात चौकशीला निघालो. पण त्या मुलखातल्या माणसांची एक खोड आहे. तुम्ही काही विचारलं की ती आधी आपलं काम सांगतात. एकाची चिठ्ठी भावाला पोचवायची होती. एकीच्या नवऱ्याला डोंगरावरची जडीबुटी हवी होती. एका म्हातारीची शेळी हरवली होती. दिशानं या सगळ्यांना दोन वर्षं तसंच ताटकळत ठेवलं होतं, कारण ती उडत्या प्राण्यांच्या मागे होती. मला ते जमेना. अर्जदार समोर उभा असताना तोंड फिरवून जाणं माझ्या हातून कधी झालेलं नाही. उद्या या म्हणालो असेन, पण तोंड फिरवलं नाही.

"आधी शेळी बघ," आई म्हणाली.

"आई, तलवार."

"म्हातारीचं जनावर हरवलंय, अन् तू तलवार काय घिऊन बसलास?"

शेळी शोधण्यात अर्धा दिवस गेला. ती नदीपलीकडच्या कड्यावर होती. नदीत घोडा घालावा की नाही यावर मतभेद झाले. सरदारभाई म्हणाले, पाण्याचा रंग बघा, हितं खोल हाय. मी म्हणालो, घोडा खेळातला आहे. घोडा घातला. तो पांढराशुभ्र घोडा, दिशानं कुठल्या कुठल्या लढाया जिंकून मिळवलेला, धारेला लागला आणि दिसेनासा झाला. चतुरा कशीबशी काठाला आली. सरदारभाई उठून उभे राहिले. "चांगलं जनावर व्हतं," म्हणाले, आणि चहा अर्धा ठेवून घरी गेले.

तरीही गुरुवारी संध्याकाळपर्यंत मी चौदा अर्ज निकाली काढले, शेळी म्हातारीला नेऊन दिली, आणि तिनंच सांगितलं की व्यापारी किल्ल्याच्या बाजारात आहे. गेलो. होता. मी तलवार मागितली. तो म्हणाला, ती माझ्याकडे नाही. रस्त्यात चोरांनी गाडी अडवली होती, किल्ल्यावरच्या एका पहारेकऱ्यानं वाचवलं, त्याला मी ती उपकाराची फेड म्हणून दिली. पहारेकऱ्याचं नाव बोरगन.

"बोरगाव?" आईनं विचारलं.

"बोरगन."

"बोरगावकर," आई म्हणाली, आणि तेच नाव कायम झालं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता बोरगावकरांना भेटायचं म्हणून बसलो, तर टीव्हीवर पाटी आली की खेळात सुधारणा झाली आहे, ती इंटरनेटवरून उतरवून घेतल्याशिवाय खेळ उघडणार नाही. चालू होता तसा काय वाईट होता, हे विचारायला तिथं कोणी नव्हतं. आणि आमचं इंटरनेट बंद. गल्लीतल्या रस्त्याच्या खोदकामात तार तुटली होती. मी इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसात गेलो. खिडकीपलीकडे एक मुलगी होती.

"जोडणी कुणाच्या नावावर आहे?"

"मुलीच्या. दिशा बुद्धघोष मिसाळ. मी बुद्धघोष."

"तक्रार खातेदारानंच द्यावी लागते."

"खातेदार नागपूरला आहे."

"मग त्यांच्या मोबाइलवर एक नंबर येईल, तो विचारून सांगा."

दिशाला नंबर विचारायचा म्हणजे इंटरनेट कशाला हवंय ते सांगायचं, म्हणजे तलवार. मी म्हणालो, "मी तिचा जन्मदाता आहे. ओळखपत्र दाखवतो."

"तुम्ही वडील आहात हे मला मान्य आहे काका," ती अगदी शांतपणे म्हणाली, "पण ज्याचं काम त्यानं यायला हवं."

हे वाक्य मी हजारो माणसांना सांगितलेलं आहे, याच शांतपणे. ऐकायला ते इतकं वाईट असतं याची मला कल्पना नव्हती. मी अर्ज लिहून दिला. तिनं तो घेतला, पण त्याची पोच द्यायची पद्धत नाही म्हणाली. एकतीस वर्षांत मी कुणाचा कागद पोचेशिवाय घेतला नाही. बाहेर पडून मी बराच वेळ एका झाडाखाली उभा होतो.

शेवटी अनितानं तिच्या भाचीचं नाव काढलं. पिंकी इंदापूरला ब्यूटी पार्लर चालवते, आणि दिशाच्या म्हणण्याप्रमाणे या खेळात तिच्याइतकं तरबेज आख्ख्या तालुक्यात कोणी नाही. फोन केला. पिंकीनं आधी विचारलं, "काका, जुनं सेव्ह केलेलं असंल की. ते उघडा, झालं काम."

"वीस प्रती होत्या. मी नष्ट केल्या."

पलीकडे चालू असलेलं केस वाळवायचं यंत्र बंद झालं. मग पिंकी म्हणाली, "लग्नसराई हाय, मला दुकान सोडून येता येत न्हाय. तुमीच खोकं घिऊन या."

शनिवारी सकाळी मी खोकं सोलापुरी चादरीत गुंडाळून इंदापूरच्या एसटीत बसलो. आई म्हणाली, मीबी येते. पंचाहत्तरीपुढं एसटीत तिकीट लागत नाही, त्यामुळे तिला नाही म्हणायला कारण उरत नाही. कंडक्टरनं मांडीवरच्या गाठोड्याकडे बोट केलं.

"काय हाय ह्यात?"

खेळ म्हणायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "डॉक्टर मुलीचं मशीन आहे."

पाच मिनिटांत पुढच्या बाकावरच्या आजी हात पुढे करून माझ्याकडे वळल्या. त्यांना प्रेशर मोजून हवं होतं. त्यांच्या मागे आणखी दोघं उभे राहिले. मी म्हणालो, हे त्यातलं मशीन नाही. मग कशातलं, असं सगळ्यांनी विचारलं. तेव्हा आईनं खरं काय ते सांगून टाकलं. "नातीची तलवार ह्यानं इकली. ती सोडवायला चाललोय." भिगवण रस्त्यापासून इंदापूर येईपर्यंत एसटीतलं एकही माणूस माझ्याशी बोललं नाही. उतरताना कंडक्टर फक्त आईला म्हणाला, "मिळंल आज्जी, काळजी करू नका."

पिंकीच्या पार्लरमध्ये गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर मोठा टीव्ही होता. दोन बाया खुर्च्यांवर बसल्या होत्या, एकीच्या तोंडाला हिरवा लेप, दुसरीच्या डोक्याला मेंदी. मला एका कोपऱ्यातल्या गोल स्टुलावर जागा मिळाली. पिंकीनं एका हातानं भुवया कोरत दुसऱ्या हातानं सुधारणा उतरवून घेतली आणि चतुरेला किल्ल्यावर नेलं. बोरगन दारात उभा होता. रुंद खांदे, लाल दाढी, हातात दिशाची काळी तलवार.

"काका, ह्यो तलवार इकणार न्हाय," पिंकी म्हणाली. "भेट मिळालेली वस्तू हितली मानसं इकत न्हाईत. आता तीनच रस्ते. एक, त्येच्याशी लढायचं."

"लढतो."

"तुमचं बोट बटनावर जाईस्तवर त्यो तुमाला गार करंल. अन् तुमी जिकला तरी किल्ला सगळा अंगावर येतोय. दुसरा रस्ता, त्यो झोपला की चोरायची."

"चोरी नाही," मी म्हणालो. "एकतीस वर्षं माझ्या नावावर एक डाग नाही. आता लेकीच्या नावावर लावू काय?"

"मग तिसरा. त्येच्याशी लगीन लावायचं. नवरा-बायकोचं सामान एक हुतं. चांगल्या नावाची बाई आसंल तर त्यो हो म्हणतो. अन् तुमच्या बाईचं नाव तर हितं लई चांगलं झालंय. काय केलं काय तुमी?"

"चौदा अर्ज निकाली काढले."

"अन् शेळी," आई म्हणाली.

त्यानंतर पार्लरमध्ये जे झालं त्याला मी जबाबदार नाही. आई खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसली आणि बोरगनला खालून वर न्याहाळू लागली. "घरी कोण कोण हाय त्येच्या?" पिंकीनं वाचून सांगितलं, एकटाच आहे, आईबाप वारले, किल्ल्याखाली स्वतःचं दगडी घर आहे. आईनं विचारलं, दारू? पिंकी म्हणाली, चार वर्षं खेळतेय, याला गुत्त्यात कधी पाहिलं नाही. हिरव्या लेपाच्या बाई तोंड न हलवता म्हणाल्या, "नोकरी पर्मनंट हाय का?"

"किल्ला हाय तवर पर्मनंट," पिंकी म्हणाली.

"पेन्शन?"

इथं मला बोलणं भाग पडलं. दोन हजार पाचनंतर भरती झालेल्यांना जुनी पेन्शन लागू नाही, हे मी स्पष्ट केलं. मेंदीच्या बाई म्हणाल्या, आता कुणालाच न्हाय, म्हणून काय पोरींनी तसंच ऱ्हायाचं? तेवढ्यात सरदारभाईंचा फोन आला. घोड्याच्या दुःखातून ते सावरले होते. मी सगळं सांगितलं. "रंगरूप बघू नका," ते म्हणाले. "चार पावलं चालवून बघा." आम्ही बोरगनला चालवून पाहिला. चाल सरळ होती.

मी अनिताला फोन लावला. शनिवारची सकाळची शाळा करून ती घरी आलेली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"दिशाला विचारलं का?"

"विचारलं तर तलवारीचं सांगावं लागेल."

"मग सांगा."

"अगं, खेळातलं लग्न आहे."

"दिवाळीत तुम्ही तिला शब्द दिलाय," अनिता म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

शब्द दिला होता, हे खरं. दोन वर्षांत मी दिशासाठी तीन स्थळं आणली होती, तिन्ही तिला न विचारता. तिसऱ्या वेळी ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मग मी म्हणालो होतो, लग्नाचा विषय तू काढल्याशिवाय माझ्या तोंडून निघणार नाही. आता टीव्हीवर प्रश्न आला होता, बोरगनशी विवाह मान्य आहे का, आणि खाली हो किंवा नाही. चार वाजता पिंकीकडे नवरीचा मेकअप होता, तेव्हा टीव्ही, खुर्ची, सगळं लागणार होतं. साडेतीन झाले होते. मी दिशाचा फोन नंबर काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि फोन खिशात ठेवला. मग 'हो' दाबलं.

किल्ल्याच्या पटांगणात घंटा वाजली. लग्नाला तीन पाहुणे आले, त्यातली एक शेळीवाली म्हातारी, शेळीसकट. आईनं चार वाजताच्या नवरीसाठी ठेवलेल्या फुलांतल्या मूठभर पाकळ्या टीव्हीवर टाकल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मेंदीच्या बाईही रडल्या. हिरव्या लेपाच्या बाईंना रडता येत नव्हतं, त्यांनी मान हलवली. तलवार दोघांच्या दगडी घराच्या भिंतीवर आली. पिंकीनं काम जतन केलं, आणि पुन्हा कशाचीही प्रत नष्ट करणार नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

येताना एसटीत आई झोपली. मी जागा होतो. तलवार मिळाली होती, पण आनंद काही होईना.

रविवारी सकाळी दिशा आली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, खांद्यावर पिशवी. चहा झाल्यावर मी तिच्या हातात कागद दिला. शनिवारी घरी आल्यावर बसून लिहिलेला खुलासा होता तो. विषय, संदर्भ, अनुक्रमांक दोनशे चौसष्ट, घोडा, चौदा अर्ज, इंटरनेट कार्यालय, सगळं क्रमानं होतं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, 'सबब, तलवार प्राप्त करून घेण्याच्या अनुषंगाने आपला विवाह श्री. बोरगन, पहारेकरी, यांच्याशी करण्यात आला आहे. माहितीस्तव सविनय सादर.'

घोड्यापर्यंत ती हसत होती. शेवटचा परिच्छेद वाचून हसायची थांबली. कागदाची घडी घालून तिनं तो टेबलावर ठेवला.

"माझ्या आठ महिन्यांची तलवार विकली, तिचं मला इतकं काही वाटत नाही बाबा," ती म्हणाली. "पण फोन तर करायचा. खेळातसुद्धा विचारलं नाही तुम्ही."

अनिता स्वयंपाकघरात भांडी वाजवायची थांबली होती. मी माझ्या नोकरीत स्वतःसाठी आणि साहेबांसाठी मिळून शेकडो खुलासे लिहिले. त्यांत कारणं असायची, परिस्थिती असायची, नियम असायचे. जे दोन शब्द मी आता म्हणालो ते त्यांतल्या एकातही नव्हते.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. आणखी काही येतंय का याची वाट पाहिली असावी. आलं नाही. मग ती उठली, टीव्ही लावला आणि जमिनीवर बसून स्वतःची फाइल उघडली.

चतुरा दगडी घराच्या दाराशी उभी होती. दिशानं तिला आत नेलं. भिंतीवर काळी तलवार होती, तिच्याकडे तिनं एकदा पाहिलं. चुलीपाशी बोरगन वाकून काहीतरी ढवळत होता. चतुरा आत आलेली बघून तो वळला आणि इंग्रजीत म्हणाला, दमलेली दिसतेस, बस, जेवण तयार आहे. चतुरेच्या हातात वाफाळता वाडगा आला.

दिशा वाडग्याकडे बघत राहिली. नागपूरला तिची छत्तीस छत्तीस तासांची ड्यूटी असते. खोलीवर जाते तेव्हा मेस बंद झालेली असते, मग ती बिस्किटं खाते, हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं, टीव्हीकडे बघत, सहज.

"हा रोज असं करून ठेवतो?" तिनं विचारलं.

"काल मी दोनदा जाऊन पाहिलं," मी म्हणालो. "दोन्ही वेळा केलेलं होतं. गरम."

"आपण न सांगता?"

"न सांगता."

दिशानं थोडा विचार केला. "राहू दे मग," म्हणाली, आणि चतुरेला बोरगनशेजारी बाकावर बसवलं.

"बोरगावकराला इचार, जेवला का म्हणून," आई म्हणाली.

अनिता पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. तिनं बशा खाली ठेवल्या नाहीत. पदराला हात पुसायला तिच्याकडे हात मोकळा नव्हता, तशीच उभी राहून ती त्या लाल दाढीच्या पहारेकऱ्याला चुलीपाशी वाकलेला बघत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. बशा ठेवून आत गेली.

सोमवारी अनिता पाच वाजता शाळेतून आली. मी पिठलं करून ठेवलं होतं, आणि भाकरी. भाकरीला भाकरी म्हणावं की नाही यावर आई आणि दिशा यांच्यात एकमत झालं नव्हतं, पण सगळं गरम होतं. अनितानं पर्स खुंटीला लावली, हातपाय धुतले, आणि पाटावर बसली. मी वाढलं. पिठल्यात मीठ राहिलं होतं, ते तिनं वरून घेतलं. सगळं संपवलं. दिशा आणि आई टीव्ही बंद करून आमच्याकडे बघत बसल्या होत्या.

ताट उचलता उचलता अनिता म्हणाली, "उद्या काय आहे?"